ब्रिटनच्या निवडणुकीतली आश्वासनं: पैसा नेमका येतो कुठून?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यात आयकराची करमुक्त मर्यादा आणखी तीन वर्षं, म्हणजे २०३१ पर्यंत, आहे तिथेच ठेवण्याचा निर्णय होता. लगेच वाद सुरू झाला की सत्ताधारी मजूर (लेबर) पक्षानं निवडणुकीत दिलेला शब्द मोडला की पाळला? २०२४ च्या जाहीरनाम्यात पक्षानं लिहून दिलं होतं की आयकराचे दर वाढणार नाहीत. पगारावरचे दर खरोखरच वाढले नाहीत. तरीही लाखो लोकांच्या पगारातून दरवर्षी जास्त कर कापला जाणार आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे भल्याभल्या वाचकांना उलगडत नाही.

या गोंधळाशी मराठी माणसाचा संबंध आहे, आणि तो दोन प्रकारे आहे. एक म्हणजे, ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तो हक्क आहे आणि ब्रिटिश पासपोर्ट त्यासाठी लागत नाही. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी गेलेला इंजिनिअरही मतदारयादीत नाव घालू शकतो, आणि कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. दुसरा संबंध खिशाचा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांची पगारवाढ मान्य केली. त्यासाठी कर वाढवणार नाही आणि कर्जही काढणार नाही, असं ते म्हणाले. मग पैसा कुठून आणला? काही खात्यांना आपापल्या खर्चात काटछाट करायला सांगितली आणि उरलेल्या रकमेचा मोठा भाग व्हिसाच्या शुल्कातून उभा केला. व्हिसासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणसामागे वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंड झाला. मुलांसाठी तो ७७६ पौंड आहे. नवरा, बायको आणि दोन मुलं असं कुटुंब तीन वर्षांच्या कामाच्या व्हिसावर जाणार असेल, तर या एका खात्यावर १०,८६६ पौंड, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर, अर्ज करतानाच भरावे लागतात. 'कर वाढणार नाही' हे वाक्य ऐकलं की ते पैसे कोण भरणार हे लगोलग विचारायला हवं, असं मला वाटतं ते अशा हिशेबांमुळेच.

आधी आकड्यांची ओळख

ब्रिटनमध्ये सगळे हिशेब अब्जांत चालतात. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. एक पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणून एक अब्ज पौंड म्हणजे ढोबळमानानं दहा हजार कोटी रुपयांहून जास्त. तिथलं सरकार वर्षाला १,२०० अब्ज पौंडांहून अधिक खर्च करतं. म्हणून एखाद्या नेत्यानं 'आम्ही एक अब्ज पौंड देऊ' म्हटलं तर तो आकडा ऐकायला प्रचंड असला तरी एकूण खर्चाच्या हजारात एक भागाएवढाही नसतो. उलट, 'दरवर्षी ८० अब्ज' हा आकडा खरोखर राज्यकारभाराचा आकार बदलणारा असतो. प्रचारात दोन्ही आकडे सारख्याच आवाजात सांगितले जातात, त्यामुळे फरक कळत नाही.

आता मूळ गणित. ते समजायला आपली हाउसिंग सोसायटी पुरेशी आहे. समजा साठ फ्लॅटच्या सोसायटीत कमिटीची निवडणूक आहे. एक पॅनल म्हणतं की इमारतीला रंग देऊ, नवी लिफ्ट बसवू, सीसीटीव्ही लावू, पण मेंटेनन्स एका रुपयानंही वाढणार नाही. सभेत कुणीतरी विचारतं, पैसे कुठून आणणार? उत्तर येतं, थकबाकीदारांकडून वसुली करू, खालच्या गाळेवाल्यांचे दर वाढवू, सिक्युरिटी एजन्सीवरचा वायफळ खर्च कमी करू. उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज काढू, इमारतीची किंमत वाढली की ते सहज फिटेल.

ब्रिटनमधले जाहीरनामे वाचताना मला हीच चार उत्तरं पुन्हा पुन्हा भेटतात. थकबाकी वसुलीच्या जागी करचोरी रोखणं येतं. गाळेवाल्यांच्या जागी बड्या कंपन्या आणि श्रीमंत येतात. एजन्सीच्या जागी सरकारी कारभारातली उधळपट्टी येते, आणि कर्ज हे कर्जच असतं. २०२४ मध्ये हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षानं करचोरी आणि करपळवाटा रोखून वर्षाला ६ अब्ज पौंड मिळतील असं धरलं होतं. मजूर पक्षानं त्याच मार्गानं, आणि परदेशी उत्पन्नावर सवलत घेणाऱ्या धनिकांकडून, सुमारे ५ अब्ज धरले होते. करचोरी रोखू नये असं कुणीच म्हणणार नाही. पण थकबाकी वसूल झाल्यावर येणारा पैसा आधीच खर्चाला लावून ठेवणं धोक्याचं असतं, कारण वसुली किती होईल हे कुणाच्याच हातात नसतं, आणि शिक्षकांचा पगार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो.

२०१९: एक जाहीरनामा भला मोठा, दुसरा अगदी बारीक

डिसेंबर २०१९ ची निवडणूक या विषयासाठी अभ्यासण्यासारखी आहे. जेरेमी कॉर्बिन यांच्या मजूर पक्षानं दैनंदिन खर्चात वर्षाला ८२.९ अब्ज पौंडांची वाढ सुचवली. त्याखेरीज बांधकाम, वाहतूक, हरित ऊर्जा यांसाठी दहा वर्षांत ४०० अब्जांचा निधी, आणि घरोघरी फुकट ब्रॉडबँड. ८२.९ अब्ज म्हणजे किती? महाराष्ट्राचा २०२५-२६ चा सगळा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा आहे, आणि ही निव्वळ वाढ त्याहून मोठी होती.

पक्षानं हिशेबाची स्वतंत्र पुस्तिका काढली होती आणि तिच्यात तेवढ्याच, ८२.९ अब्जांच्या, नव्या करांचा तक्ता होता. कागदावर जमाखर्च जुळत होता. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. खरा प्रश्न होता तो कराच्या बाजूचा. हा सगळा पैसा वरच्या पाच टक्के लोकांकडून आणि कंपन्यांकडून येईल, बाकी ९५ टक्क्यांना झळ लागणार नाही, असा दावा होता. कंपनीवर कर वाढला की कंपनी तो कुठून भरते? काही भाग भागधारकांच्या नफ्यातून, काही कामगारांच्या रखडलेल्या पगारवाढीतून, काही ग्राहकाच्या बिलातून. भागधारकांत पेन्शन फंडही असतात. म्हणजे कर शेवटी माणसंच भरतात, आणि ती सगळीच्या सगळी वरच्या पाच टक्क्यांत नसतात. अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या स्वतंत्र संस्थेनं तेव्हा हेच बजावलं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. जाहीरनामा प्रसिद्ध होऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात पक्षानं १९५० च्या दशकात जन्मलेल्या स्त्रियांना भरपाई देण्याचं आश्वासन दिलं. या स्त्रियांचं पेन्शनचं वय वाढवण्यात आलं होतं आणि आपल्याला त्याची पुरेशी आगाऊ सूचना मिळाली नाही अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य होतं. पण रक्कम होती ५८ अब्ज पौंड, आणि हिशेबाच्या पुस्तिकेत तिचा एक ओळीचाही उल्लेख नव्हता. मोठ्या मेहनतीनं जुळवलेल्या तक्त्यावरचा लोकांचा विश्वास या एका घोषणेनं उडाला.

समोर बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाचा जाहीरनामा होता. त्यात दैनंदिन खर्चाची वाढ होती वर्षाला अवघी २.९ अब्ज. बऱ्याच जणांना तो जबाबदार, हात राखून खर्च करणारा वाटला. पण तो मला तितकाच शंकास्पद वाटतो. आयकर, नॅशनल इन्शुरन्स (पगारावर कामगार आणि मालक दोघांनी भरायची सामाजिक सुरक्षेची वर्गणी) आणि व्हॅट या तिन्हींचे दर पाच वर्षं वाढवणार नाही अशी हमी त्यात होती, आणि वृद्धांच्या देखभालीचा प्रश्न कायमचा सोडवण्याचं वचनही होतं. त्यासाठी लागणारा पैसा तक्त्यात नव्हता. निवडणुकीनंतर तीनच महिन्यांनी, ११ मार्च २०२० ला, सुनक यांनी अर्थमंत्री म्हणून मांडलेल्या पहिल्याच अर्थसंकल्पात खर्च जाहीरनाम्याच्या कितीतरी पुढे गेला होता. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये जॉन्सन यांनी नॅशनल इन्शुरन्समध्ये सव्वा टक्क्याची वाढ जाहीर केली. कोविडचं कारण खरं होतं, पण वृद्धांच्या देखभालीचा खर्च कोविडच्या आधीपासून सगळ्यांना दिसत होता.

तेव्हा अवाच्या सव्वा आश्वासन ओळखायचं कसं? फक्त खर्चाचा आकडा बघून चालत नाही. जास्त सेवा देऊ आणि करही वाढवणार नाही, ही जोडी सगळ्यांत महाग असते. तिचा आकडा जाहीरनाम्यात छापलेला नसतो, म्हणून ती स्वस्त वाटते.

दर तोच, कर जास्त

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर आयकर नाही. त्यावरच्या रकमेवर २० टक्के, आणि पुढे ४० व ४५ टक्के. ही करमुक्त मर्यादा पूर्वी महागाईच्या हिशेबानं दरवर्षी वाढायची. २०२१ मध्ये सुनक यांनी ती गोठवली, नंतरच्या अर्थमंत्र्यांनी मुदत वाढवली आणि आता ती २०३१ पर्यंत गेली आहे.

३०,००० पौंड पगाराचं उदाहरण घेऊ. आयकर लागतो १७,४३० पौंडांवर, आणि तो होतो ३,४८६ पौंड. महागाई ५ टक्के वाढली आणि मालकानं पगारही ५ टक्के वाढवून ३१,५०० केला. बाजारात या माणसाची ऐपत होती तेवढीच राहिली. पण आता कर लागतो १८,९३० वर, आणि तो होतो ३,७८६ पौंड. पगार वाढला ५ टक्क्यांनी, कर वाढला साडेआठ टक्क्यांहून जास्त. मर्यादाही ५ टक्क्यांनी वर नेली असती तर या माणसाचे सुमारे १२५ पौंड वाचले असते. ही गोष्ट दरवर्षी होत राहते, आणि प्रत्येक वर्षाचा फरक आधीच्या वर्षात भर घालतो. दराच्या रकान्यात मात्र पहिल्या दिवशी होतं तेच २० टक्के दिसतं.

मजूर पक्षाच्या २०२४ च्या हमीचं हेच झालं. आयकर, नॅशनल इन्शुरन्स, व्हॅट यांना हात लावणार नाही असं म्हणताना पक्षानं सरकारी करउत्पन्नाचा निम्म्याहून बराच जास्त भाग स्वतःहून कुलूपबंद केला. त्याच वेळी एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णांच्या लांबलचक प्रतीक्षायाद्या कमी करायच्या होत्या. दोन्ही मोठ्या पक्षांच्या या वागण्याला इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजनं निवडणुकीआधीच 'मौनाचा कट' म्हटलं होतं. कारण हुजूर पक्षाच्या योजनेतही २०२९-३० पर्यंत वर्षाला १७ अब्जांची करकपात होती आणि तिचा मोठा आधार होता कल्याणकारी योजनांच्या खर्चात १२ अब्जांची बचत. ही बचत कुणाच्या भत्त्यातून होणार हे नीट सांगितलेलं नव्हतं.

४ जुलै २०२४ ला मजूर पक्ष जिंकला. २९ जुलैला रीव्ह्ज यांनी सांगितलं की आधीच्या सरकारनं चालू वर्षाच्या हिशेबात २२ अब्ज पौंडांचं भगदाड ठेवलं आहे. नंतर सरकारी अंदाज तपासणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या संस्थेनं पाहणी केली तेव्हा अर्थखात्यानं आपल्याला ९.५ अब्जांचा खर्चाचा ताण कळवला नव्हता असं तिनं नोंदवलं. म्हणजे तक्रारीला आधार होता. पण भगदाडाचा बाकीचा भाग निवडणुकीआधी कुणाही अभ्यासू माणसाला दिसण्यासारखा होता. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात वर्षाला सुमारे ४० अब्जांचे कर वाढले. त्यातला सगळ्यांत मोठा होता मालकांनी भरायचा नॅशनल इन्शुरन्स, जो १३.८ वरून १५ टक्के झाला. 'आम्ही कामगारांच्या हिश्शाला हात लावला नाही' असं सरकार म्हणालं. ज्या छोट्या रेस्टॉरंटच्या मालकानं त्यानंतर एक वेटर कमी ठेवला, त्याच्याकडच्या कामगाराला या खुलाशाचा काय उपयोग?

मोजण्याच्या तीन जागा, जिथे आकडा फुगतो

पहिली जागा वर्षांची. जून २०२४ मधल्या टीव्हीवरच्या वादचर्चेत सुनक पुन्हा पुन्हा सांगत होते की मजूर पक्ष आला तर प्रत्येक कुटुंबाला २,००० पौंडांचा जादा कर बसेल. ऐकणाऱ्याला वाटलं, वर्षाला. प्रत्यक्षात तो चार वर्षांचा एकत्रित आकडा होता: मजूर पक्षाच्या योजनांना कमी पडतील असं हुजूर पक्षानं सांगितलेल्या ३८.५ अब्जांना काम करणाऱ्या कुटुंबांच्या संख्येनं भागून काढलेला. वर्षाला तो ५०० च्या आसपास येतो. हिशेब सरकारी अधिकाऱ्यांचा आहे असं सांगितलं जात होतं. अर्थखात्याच्या सचिवांनी मात्र तो तसा मांडू नये असं लेखी कळवलं होतं, आणि आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनंही चार वर्षांची बेरीज आहे हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता असं म्हटलं. हे तंत्र जुनं आहे. १९९२ मध्येही हुजूर पक्षानं मजूर पक्षाच्या 'टॅक्स बॉम्ब'ची पोस्टरं लावली होती आणि १,२५० पौंडांचा आकडा दिला होता. निवडणूक जिंकल्यावर त्याच हुजूर सरकारनं १९९३ मध्ये घरगुती वीज-गॅसवर व्हॅट लावण्याचं जाहीर केलं.

दुसरी जागा सुरुवातीची रेघ. २०१९ मध्ये जॉन्सन यांनी २०,००० नवे पोलीस भरण्याचं वचन दिलं आणि ते मार्च २०२३ पर्यंत पाळलं. पण २०१० नंतर त्याच पक्षाच्या राजवटीत पोलिसांची संख्या जवळपास तेवढ्यानंच घटली होती. मोजणी २०१९ पासून केली तर मोठी भर दिसते, २०१० पासून केली तर झालेली घट कशीबशी भरून निघालेली दिसते.

तिसरी जागा व्याख्येची. जॉन्सन यांच्याच ५०,००० जादा परिचारिकांच्या वचनात साडेअठरा हजार परिचारिका नोकरी सोडून जाण्यापासून थांबवलेल्या अशा धरल्या होत्या. ज्यांची पदं आधीच भरलेली होती, त्यांनाच 'जादा' मोजलं होतं. हे सगळं फोल नव्हतं. अनुभवी परिचारिका टिकवणं नवी भरती करण्याइतकंच मोलाचं असतं, आणि सरकारनं २०२३ मध्ये उद्दिष्ट गाठल्याचं जाहीरही केलं. पण भाषणात ऐकू आलं ते पन्नास हजार नवे चेहरे.

'४० नवी रुग्णालयं' हे त्याहून वाईट. घोषणा झाली तेव्हा बांधकामाचा पैसा सहा प्रकल्पांना होता, बाकीच्यांना नुसता आराखड्यासाठी. नव्या रुग्णालयाच्या व्याख्येत मोठी नवी इमारत किंवा जुन्याची भरीव दुरुस्तीही बसवली गेली. जुलै २०२३ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसनं, म्हणजे तिथल्या लेखापरीक्षकांनी, २०३० पर्यंत मूळ वचनाप्रमाणे ४० होणार नाहीत असा निष्कर्ष काढला. जानेवारी २०२५ मध्ये नव्या आरोग्यमंत्र्यांनी वेळापत्रक बदललं तेव्हा काही रुग्णालयांची बांधकामं २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ढकलली गेली. गळक्या छपराखाली, टेकू लावलेल्या वॉर्डात आजही रुग्ण झोपलेले आहेत. त्या गावांतल्या लोकांनी २०१९ मध्ये या घोषणेवर विश्वास ठेवला होता. निवडणुकीतल्या आकड्यांची चर्चा मला पोटतिडकीनं करावीशी वाटते ती या लोकांसाठी.

'पण सरकार म्हणजे काही सोसायटी नव्हे'

हा आक्षेप बरोबर आहे. सोसायटी स्वतःचं चलन छापू शकत नाही, सरकार छापू शकतं. सोसायटीनं रंगकामावर पैसे खर्च केले म्हणून सभासदांचे पगार वाढत नाहीत, सरकारनं मात्र रेल्वेमार्ग बांधला, मुलं शिकवली, तर अर्थव्यवस्था वाढते आणि करही वाढतो. म्हणून पन्नास वर्षं चालणाऱ्या गोष्टीसाठी कर्ज काढणं शहाणपणाचं असतं. कॉर्बिन यांच्या ४०० अब्जांच्या निधीचं समर्थन याच तर्कावर उभं होतं, आणि ते सरसकट धुडकावण्यासारखं नव्हतं.

पण मर्यादा आहेच, आणि ती सप्टेंबर २०२२ मध्ये सगळ्या जगानं पाहिली. लिझ ट्रस पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत करकपातीची वचनं देऊन पंतप्रधान झाल्या. २३ सप्टेंबरला त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. तिची भरपाई कुठून होणार हे सांगितलं नाही, आणि ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा अंदाजही सोबत जोडला नाही. सरकारला कर्ज देणाऱ्यांनी जास्त व्याज मागायला सुरुवात केली. २६ सप्टेंबरला पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकावर, १.०३ च्या आसपास, घसरला. २८ तारखेला पेन्शन फंड कोसळू नयेत म्हणून बँक ऑफ इंग्लंडला सरकारी कर्जरोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. दोन वर्षांच्या स्थिर दराच्या गृहकर्जाचा सरासरी व्याजदर ऑक्टोबरमध्ये ६ टक्क्यांच्या वर गेला. ज्यांच्या जुन्या कर्जाची मुदत त्याच महिन्यांत संपत होती त्यांचे हप्ते महिन्याला शेकडो पौंडांनी वाढले. २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

या प्रसंगात सरकारी खर्च वाढवणारा डावा पक्ष कुठेच नव्हता, हे ध्यानात घ्यावं. भरपाईविना केलेली करकपात आणि भरपाईविना केलेला खर्च यांत कर्ज देणारा काहीच फरक करत नाही. मतदारानंही करू नये. २०२४ मध्ये रिफॉर्म यूके पक्षानं करमुक्त मर्यादा १२,५७० वरून एकदम २०,००० पौंडांवर नेण्याचं वचन दिलं होतं. तेही खर्चाच्या वचनाइतक्याच कडक नजरेनं तपासायला हवं. आजघडीला ब्रिटनचं सरकार केवळ व्याजापोटी वर्षाला १०० अब्ज पौंडांहून जास्त भरतं, म्हणजे संरक्षण खात्याच्या खर्चाहून कितीतरी जास्त.

शब्द मोडला तर कोर्टात जाता येत नाही का?

नाही. २००८ मध्ये स्टुअर्ट व्हीलर नावाचे उद्योजक युरोपीय संघाच्या लिस्बन करारावरच्या सार्वमताच्या आश्वासनावरून सरकारविरुद्ध हायकोर्टात गेले होते. असं वचन हा राजकारणाचा विषय आहे, न्यायालयाचा नव्हे, असं कोर्टानं सांगितलं.

उलट वचन पाळलं म्हणून कोर्टानं फटकारल्याचंही उदाहरण आहे. १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलची निवडणूक मजूर पक्षानं बस आणि ट्यूबचं (भुयारी रेल्वेचं) भाडं २५ टक्क्यांनी कमी करू असं सांगून जिंकली. केन लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबरमध्ये भाडं खरंच उतरलं. पैसा आला तो लंडनच्या सगळ्या भागांतल्या वाढीव घरपट्टीतून. ब्रॉम्ली या लंडनच्या उपनगरात ट्यूबचं एकही स्टेशन नव्हतं, तरी तिथल्या रहिवाशांना वाढीव पट्टी भरावी लागणार होती. ब्रॉम्लीची नगरपालिका कोर्टात गेली आणि डिसेंबर १९८१ मध्ये लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, न्यायाधीशांनी ही योजना बेकायदा ठरवली. जाहीरनामा म्हणजे आंधळेपणानं पाळायचा करार नव्हे, पैसा भरणाऱ्यांचाही विचार करणं कौन्सिलचं कर्तव्य होतं, असं त्यांचं म्हणणं. मार्च १९८२ मध्ये भाडं जवळपास दुप्पट झालं. मला स्वतःला ती योजना चांगली वाटते, प्रवासी वाढले होते. पण फायदा एकाला आणि बिल दुसऱ्याला अशी रचना असली की ती टिकत नाही, हेही त्या खटल्यानं दाखवलं.

'म्हणजे सगळेच खोटं बोलतात, मत देऊन उपयोग काय?'

असं मी अजिबात म्हणत नाही, आणि हा निष्कर्ष काढणाऱ्यांची मला काळजी वाटते. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी खिशात मावेल अशा कार्डावर पाच वचनं छापली होती. त्यातलं एक होतं पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांचे वर्ग तीसच्या आत आणण्याचं. पैसा कुठून, तेही त्याच ओळीत होतं: खासगी शाळांत जाणाऱ्या काही मुलांची फी सरकार भरत असे, ती योजना बंद करून. जिंकल्यावर योजना बंद झाली, १९९८ च्या कायद्यात तीसची मर्यादा आली. तरुण बेरोजगारांसाठीच्या कार्यक्रमाचा पैसाही आधीच सांगितला होता, खासगीकरण झालेल्या वीज-पाणी कंपन्यांवर एकदाच लावायचा कर, आणि त्यातून ५.२ अब्ज पौंड आले. वचन लहान, लाभार्थी ठरलेला, पैसा देणारा नावानिशी सांगितलेला. अशी वचनं पाळली जातात.

याच्या उलट २०१० चे लिबरल डेमोक्रॅट. विद्यापीठाची फीवाढ होऊ देणार नाही असं त्यांच्या उमेदवारांनी स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं. सत्तेत भागीदार झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेण्याचा ठराव संसदेत झाला आणि पक्षाच्या मंत्र्यांनी त्याला मत दिलं. २०१२ मध्ये निक क्लेग यांनी माफी मागितली. माफी होती पाळता न येणारं वचन दिल्याबद्दल.

आणि काही वेळा पैसा नाही हे उत्तरही तपासून घ्यावं लागतं. २ जून २०१७ ला टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका परिचारिकेनं २००९ पासून आपला पगार वाढला नसल्याचं पंतप्रधान थेरेसा मे यांना सांगितलं. हलवलं की पैसे पडतील असं जादूचं झाड आपल्याकडे नाही, असं मे म्हणाल्या. त्याच महिन्यात, बहुमत हुकल्यावर, उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाचा पाठिंबा मिळवताना त्या प्रांतासाठी एक अब्ज पौंड मंजूर झाले. एकूण खर्चात ती रक्कम छोटी होती. पण त्या परिचारिकेसाठी पैसा नव्हता तो प्राधान्यक्रमामुळे, तिजोरी रिकामी असल्यामुळे नव्हे, आणि हे तिला सरळ सांगायला हवं होतं.

तपासणारं कुणी नाही का?

आहे, पण हात बांधलेले आहेत. ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी २०१० मध्ये स्थापन झाली. २०११ च्या कायद्यानुसार ती फक्त सत्तेतल्या सरकारच्या धोरणांचा हिशेब करू शकते. विरोधी पक्षांच्या योजना तिनं तपासायच्या नाहीत. २०१३ मध्ये मजूर पक्षाचे एड बॉल्स यांनी आमचा जाहीरनामा या संस्थेकडून तपासून घ्या अशी स्वतःहून मागणी केली होती. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ती मान्य केली नाही. संस्था राजकारणात ओढली जाईल, अशी भीती या विरोधामागे सांगितली जाते. मला ही भीती समजते, पण पटत नाही. आज हे काम इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज करते, उत्तम करते, पण तिला सरकारी कागद मागण्याचा अधिकार नाही, आणि जाहीरनामे मतदानाच्या जेमतेम तीन-चार आठवडे आधी हाती येतात.

नेदरलँड्समध्ये सीपीबी ही सरकारी संस्था १९८६ पासून पक्षांचे जाहीरनामे मतदानाआधी तपासून एकाच तक्त्यात छापते. पक्षांवर सक्ती नाही आणि काही पक्ष भागही घेत नाहीत, पण मतदाराला निदान कोण तपासणीला तयार होता हे दिसतं. या पद्धतीतही उणिवा आहेत. पक्ष आपली धोरणं संस्थेच्या गणिताला सोयीची ठरतील अशी बेततात, अशी टीका तिथेही होते. तरीही मला ती ब्रिटनच्या आजच्या रीतीपेक्षा पुष्कळ बरी वाटते.

ब्रिटनची पुढची सार्वत्रिक निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ मध्ये होईल. २०११ च्या कायद्यातलं ते बंधन काढायला संसदेकडे तोवर वेळ आहे, आणि सरकारकडे बहुमतही आहे. तिथे मतदारयादीत नाव असलेल्या भारतीयांनी आपल्या खासदाराला हे पत्रानं विचारावं. मतदारसंघातल्या माणसाचं पत्र आलं की खासदाराच्या कार्यालयानं त्याला उत्तर देण्याची तिथे रीत आहे, आणि त्यासाठी पत्र लिहिणाऱ्यानं आपला पत्ता व पोस्टकोड लिहायला विसरू नये.